खोबरेलाचं बोट

"घासा, चांगलं घासून काढा. ह्या खेपेस कमी पडायला नको."

मृणाली हे दोरीवरच्या ओल्या चादरीला म्हणाली. माझ्याशी ती मे महिन्यापासून बोलत नाही. चादरींशी बोलते, तुळशीशी बोलते, मांजराशी तर फारच बोलते, आणि बोलताना आवाज बरोबर सोळा पायऱ्या चढून वर येईल एवढा लावते. तिची वाळवणाची दोरी आमच्या मागच्या जिन्याखाली. मी बसलेली जिन्याच्या वरच्या टोकाला, पेपर पसरून, कारण घासलेटाचा वास घरात नको. मधे अंतर इतकंच, की माझ्या हातातला टूथब्रश सुटला असता तर तिच्या भांगात पडला असता. मी खाली पाहिलं नाही, तिनं वर पाहिलं नाही. एका घरात राहणाऱ्या दोन जावांना न बघता एकमेकींकडे बघता येतं, ते कुणी शिकवावं लागत नाही. पण वाक्य मात्र अडकलं. 'घासा' ठीक, घासतच होते. 'कमी पडायला नको' हेही ठीक. टोमण्याला शेपूट लागतंच. पण 'ह्या खेपेस' कुठून आलं? मागची खेप कुठली? मी ब्रश घासलेटात बुडवला आणि पुन्हा लोखंडाला लागले, पण दातात सुपारीचं खांड बसावं तसं ते दोन शब्दांचं खांड बसून राहिलं. जीभ सारखी तिथंच.

घासत होते ते देवदत्तचं रिव्हॉल्व्हर. समोर मी नवऱ्याला अहो म्हणते. डोक्यात मात्र अरेतुरेच करते, आणि डोकं हे माझं एकटीचं घर असल्यामुळे तिथं कुणी हरकत घेत नाही. परवान्यावर नाव त्याचं, फोटो त्याचा, मिशीसकट. गंज काढायला मी. निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करायची असतात. ह्या वर्षी निवडणूक भर पावसाळ्यात आली, त्यामुळे श्रावणात गेलेलं ते हत्यार निकाल लागल्यावर, आश्विनात परत आलं, आणि आलं ते तांबड्या कातड्याचं होऊन. पावसाळ्यात रत्नागिरीत गंज कुणाला सोडत नाही. देव्हाऱ्यातल्या समईच्या साखळीला सोडत नाही, तर ह्याला काय. देवदत्तनं ते आज सकाळी माझ्यापुढे टेबलावर ठेवलं, मासळीवाली पापलेट ठेवते तसं, थपकन. "उद्या खंडेनवमी. पूजेला चकचकीत पाहिजे," म्हणाला. "आणि नुसतं वरून नको. आतून उघड. चाललं पाहिजे." आणि स्कूटरला किक मारून निघून गेला. पूजेला ठेवायच्या वस्तूनं चाललं कशाला पाहिजे, हे मला तेव्हा विचारायचं सुचलं नाही. सुचतं ते नेहमी स्कूटर वळणावर गेल्यावर.

आमच्या घरात बहुतेक सगळं सेकंडहँड. फ्रिज माझ्या मावसभावाचा, स्कूटर एका इन्स्पेक्टरची, आणि हे रिव्हॉल्व्हर हातखंब्याच्या एका ट्रकवाल्याच्या वडलांचं. म्हातारा गेला, मुलाला परवाना मिळेना, ते दोन वर्षं दुकानदाराकडे पडून राहिलं आणि मग देवदत्तकडे आलं. आलं तेव्हा मुठीच्या लाकडावर एक खळगा होता, गुळगुळीत, अंगठ्याएवढा. त्या म्हाताऱ्यानं आयुष्यभर तिथं अंगठा घासला असणार. कुणावर उडवलं असेलसं वाटत नाही. तपकिरीची डबी चाळवतात तसा चाळा. मी पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा माझा अंगठा आपोआप त्या खळग्यात गेला आणि मला उगाच त्या माणसाची माया वाटली. देवदत्तचा अंगठा जाडा, तो तिथं बसतच नाही. दुरुस्तीचं मला कुणी शिकवलेलं नाही. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी गजराचं घड्याळ बंद पडलं, हा म्हणाला फेकून दे, म्हणून मी ते उघडलं. सात भाग उरले आणि घड्याळ चाललं. मग शिलाई मशीन, मग आळीतली मिक्सरं, इस्त्र्या. आता बायका मुंबईहून आलेली मशीनंसुद्धा आणतात माझ्याकडे. माझी रीत एकच: पेपर पसरायचा, त्यावर पेन्सिलीनं यंत्राचं ढोबळ चित्र काढायचं, आणि जो स्क्रू जिथून निघाला तो चित्रावर तिथंच ठेवायचा. त्यामुळे यंत्र मोडून पडलं तरी कागदावर ते शाबूत असतं. माणसांच्या बाबतीत अशी काही सोय मला जमली नाही.

वरचा गंज घासलेटानं आणि राखेनं निघाला. नळीतून चिंधी ओढायला खराट्यातली माडाची हीर घेतली, कारण तार घातली तर आतून ओरखडे पडतात. चिंधी अण्णांच्या जुन्या धोतराची. सासऱ्यांची धोतरं विरली की मी फाडून ठेवते. मऊ असतात, धागा सुटत नाही. पहिली चिंधी काळीकुट्ट निघाली, तिसरी करडी, सातवी जवळजवळ धोतर. मग बारीक डिसमिस घेऊन बाजूची पट्टी उघडली. स्क्रू कागदावर. आत पाहिलं आणि हसूच आलं. घोडा म्हणजे तो मागून आपटणारा तुकडा, त्याच्या सांध्यात, स्प्रिंगच्या वेटोळ्यात, सगळीकडे एक पिवळसर लाल चिकट गोंद. नखानं खरवडला, नाकाशी नेला. खोबरेल. खोबरेल, हळद, कुंकू आणि वर्षभराची धूळ. चापाच्या मागच्या फटीत तर एक अख्खी अक्षत बसलेली, तुटकी नाही, शाबूत तांदळाचा दाणा. अंबेमोहोर.

हे कुणाचं काम ते मला लगेच कळलं. गेल्या खंडेनवमीला अण्णा आमच्याकडे होते. तेव्हा त्यांची पाळी असायची, पंधरा दिवस वर आमच्याकडे, पंधरा दिवस खाली धाकट्याकडे, हरिश्चंद्र आणि मृणालीकडे. घर अण्णांनीच बांधलेलं, आणि पाळीही त्यांनीच लावून घेतलेली. गणिताचे मास्तर, त्यांना सारखा भाग गेला की बरं वाटतं. त्या दिवशी पाटावर कोयता, विळी, कलमाची सुरी, माझं मशीन शेजारी, आणि मधोमध देवदत्तनं ठेवलेलं हे. अण्णांनी वाटीत बोट बुडवलं आणि कोयत्याला लावतात तसं ह्यालाही खोबरेल लावलं, पाच ठिकाणी, सढळ, लहान मुलाच्या टाळूला घालावं तसं थबथबून. मग हळद, कुंकू, अक्षता. मला माहीत होतं. मशीनला कुणी खोबरेल घातलं की मी बायकांवर ओरडते, मेल्यांनो, ते चिकटतं, महिन्यात मशीन दगड होतं. पण सासऱ्यांना पूजेत काय सांगायचं? आणि खरं सांगायचं तर मला सांगायचंही नव्हतं. ती वस्तू घरात आल्यापासून मला आवडत नव्हती. नंतर पुसून काढू म्हटलं, आणि काढलं नाही. मनात असंही आलं होतं, अडकू दे मेलं. हे विसरणं नव्हतं, हे माहीत असून राहू देणं होतं. असं मी स्वैपाकातसुद्धा करते कधी कधी, देवदत्तच्या आमटीत मीठ कमी पडलंय हे माहीत असून.

सगळं साफ केलं. अक्षत मात्र फेकवली नाही. कागदाच्या कोपऱ्यात ठेवली. मग काडतुसांची हिरवी डबी उघडली, कारण तीही ठाण्यातून ओल घेऊन आली होती. पितळेवर हिरवा कळंक. एकेक काडतूस कोरड्या चिंधीनं पुसायचं आणि उभं ठेवायचं. त्यांच्या बुडाला मधोमध एक बारीक गोल टोपी असते, दिवाळीतल्या पिस्तुलाच्या टिकलीसारखी; घोडा तिथं आपटला की आत ठिणगी. मी तिला टिकलीच म्हणते. पहिलं, दुसरं, तिसरं, टिकल्या सपाट. नववं की दहावं असेल, चिंधी त्यावरून गेली आणि बोटाला काहीतरी लागलं. चष्मा कपाळावरून खाली घेतला. टिकलीवर खळगा होता. उथळ, सुईच्या डोक्याएवढा, नेमका मध्यावर. कुंकू लावायला बोट टेकवावं आणि लावू नये, तसा.

मी ते काडतूस उन्हात धरून बसले. खाली मृणालीनं चादर झटकली, ओले थेंब उडाल्याचा आवाज आला. यंत्र खोटं बोलत नाही, आणि मला यंत्राचंच कळतं. हे काडतूस चक्रात भरलं गेलं. चाप ओढला गेला. घोडा सुटला, पण सांध्यात गोंद, फटीत तांदूळ, म्हणून तो आला तो दमलेल्या माणसासारखा, टेकला, आणि ठिणगी पडली नाही. कुणीतरी हे ओढलं होतं. गंमत म्हणून नव्हे, गमतीत काडतूस भरत नाहीत. बागेतल्या वानरांवर नव्हे, वानरांवर बार फुकट गेला तर देवदत्त आठ दिवस सांगत बसतो. पहिल्यांदा हरिश्चंद्र डोळ्यापुढे आला. दोघा भावांची पूर्णगडच्या बागेवरून धुसफूस, गेल्या वर्षी पडवीत एकमेकांची गचांडी धरलेली मी पाहिली आहे. पण हरिश्चंद्र आजही ह्याच्याकडे पाठ करून बिनधास्त स्कूटर पुसतो. ज्याच्यावर कुणी चाप ओढलाय तो पाठ करत नाही. मग वाटलं, देवदत्तनं स्वतःवरच? आणि क्षणभर, खोटं कशाला लिहू, मला त्याची कीव आली आणि त्या किवेत सुटल्यासारखंही वाटलं. पण तो स्वतःवर रागावत नाही. त्याला ती सवयच नाही.

मग मे महिना उघडला. मी लांज्याला भाचीच्या लग्नाला गेले होते, चार दिवस. अण्णा वर आमच्याकडे होते, पाळीचे नऊ दिवस झालेले, सहा बाकी. परत आले तर अण्णा खाली. अण्णांनी सारखा भाग मोडला, हे ऐकूनच मला कसंतरी झालं होतं. "त्यांना जिना चढवत नाही आता," देवदत्त म्हणाला. हरिश्चंद्र म्हणाला, "गुडघे, वहिनी." मृणाली काहीच म्हणाली नाही आणि त्या दिवसापासून काहीच म्हणाली नाही. अण्णांचा चष्मा आमच्या बाहेरच्या खोलीत, त्यांच्या वेताच्या खुर्चीखाली सापडला, एक काच तडकलेली. मी खाली नेऊन द्यायला निघाले तर देवदत्त म्हणाला, "राहू दे. त्यांनी नवा घेतलाय." चार दिवसांत नवा चष्मा! जे अण्णा पेन्सिल नखाएवढी होईस्तोवर लिहितात! तरी मी तो शोकेसमधे ठेवला, आणि धूळ पुसताना रोज त्याच्याभोवतीनं पुसत राहिले. आणि जिना. आमच्या सोळा पायऱ्या चढवत नाहीत ते अण्णा आजच सकाळी, अष्टमीचे, किल्ल्याची सबंध चढण चढून भगवतीला जाऊन आले. प्रसादाचा नारळ हरिश्चंद्रकरवी वर पाठवला. नारळ आला सोळा पायऱ्या. आम्ही सगळ्यांनी तो गुडघा पाच महिने संभाळला आहे. देवदत्तनं, हरिश्चंद्रनं, मीसुद्धा. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितला, त्याला महानारायण तेल सुचवलं. मला माहीत नव्हतं असं म्हणवत नाही. मी उघडून पाहिलं नव्हतं, एवढंच. आणि त्याच मे महिन्यात, लांज्याला निघायच्या आदल्या दिवशी, जेवताना वाटपाचा कागद ताटाशेजारी सरकवून देवदत्त म्हणाला होता, "अण्णा, एक सही." अण्णांनी कागद भाताच्या हातानं बाजूला केला होता. "माझ्या हयातीत बागेचे तुकडे नाहीत." हयातीत. तो शब्द देवदत्तनं त्या रात्री पलंगावर बसून दोनदा म्हटला होता, हयातीत, हयातीत, पाढा पाठ करावा तसा.

ह्या खेपेस. मृणालीला ठाऊक होतं. ती चादरीला नाही, मला विचारत होती, की तुम्हाला कळतंय का तुम्ही काय दुरुस्त करताय.

काडतूस मी पदराच्या गाठीत बांधलं. कागदावर सगळे भाग आपापल्या जागी चकाकत होते, आणि मला, देवाशपथ, अभिमान वाटला. इतकं सुरेख काम मी कधी केलं नव्हतं. घोडा दोन बोटांत धरून हलवला तर पाण्यावरून होडी गेल्यासारखा गेला. जोडायला वीस मिनिटं पुरली असती. हात तर शिवशिवत होते. हातांना काय, त्यांना जोडायचंच असतं.

साडेपाचला देवदत्त आला. जिन्याच्या मधल्या पायरीवरूनच त्यानं विचारलं, "झालं?"

"होतंय."

"दिवसभर? शिलाई मशीन तर तासात उघडून मिटतेस."

"मशीननं माणूस मरत नाही."

"तोंड मात्र तेल घातल्यासारखं चालतं तुझं." तो वाकून बघायला लागला. त्याच्या अंगाला स्कूटरच्या सीटचा उन्हात तापलेला वास. "चाप हलका झाला ना? मधे जड जात होता."

"मधे म्हणजे कधी हो?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. पंचवीस वर्षांत मी त्याचे बरेच चेहरे उघडलेत. ह्याचा स्क्रू कुठं आहे ते सापडलं नाही.

"मधे म्हणजे मधे. उद्या पूजेला जोडून ठेव. परवा दसऱ्याला अण्णांना घेऊन पूर्णगडला जाईन म्हणतो. आम्ही दोघंच. बाग दाखवून आणतो."

"गुडघे दुखतात ना त्यांचे?"

"गाडीनं नेणार आहे, खांद्यावरून नाही."

"मग हे कशाला?"

"वानरं माजलीत," देवदत्त म्हणाला आणि हात धुवायला गेला. बराच वेळ धूत होता. मोरीतून पाण्याचा आवाज येत राहिला आणि मला कळलं की मी घाबरलेय, आणि हेही कळलं की हे भय नवीन नाही, मे महिन्यापासून शोकेसमधे ठेवलेलं आहे. विचारावं? 'अहो, तुम्ही अण्णांवर...' वाक्य तोंडात तयार होतं. पण त्यातलं क्रियापद उचलेना. पोलिसात सांगावं? काय सांगावं, टिकलीवर खळगा आहे? फेकून द्यावं समुद्रात? परवान्याचं हत्यार, तो नवीन आणील, नवीनच आणील ह्या खेपेस, आणि त्याला खोबरेल लागलेलं नसेल.

नवमीला सकाळी न्हाऊन मी पाट मांडला. कोयता, विळी, कलमाची सुरी, अडकित्ता. मशीनला झेंडूची माळ. मग माझा पेपर उचलून तसाच्या तसा पाटावर ठेवला: नळी, चक्र, घोडा, चाप, स्प्रिंग, मूठ, पाच स्क्रू, प्रत्येक पेन्सिलीच्या चित्रावर आपल्या जागी. शेवटी माझे तिन्ही डिसमिस, पक्कड, तेलाची बुधली, सगळं शेजारी रांगेत, आणि सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं. पदराची गाठ सोडून ते काडतूस मधे उभं केलं, उलटं, टिकली वर. तिच्यावर कुंकवाचं बोट टेकवलं. खळग्यात कुंकू बरोबर बसलं.

मग मी खाली गेले. सोळा पायऱ्या. मृणाली उंबऱ्यात रांगोळी घालत होती, तिनं पहिल्यांदाच वर पाहिलं.

"अण्णा, पूजेला वर चला," मी म्हटलं.

"जिना गं, सुनेत्रा..." ते पडवीत नव्या चष्म्यातून पेपर वाचत होते.

"काल भगवतीला जाऊन आलात तुम्ही."

त्यांनी पेपरची घडी घातली, आणखी एक घातली, तो पाकिटाएवढा झाला. मृणालीच्या हातातून रांगोळी नुसतीच गळत होती. "वहिनी," ती मला म्हणाली, पाच महिन्यांनी, "जोडलंत का ते?" मी मान हलवली, नाही. मग तीच सासऱ्यांना म्हणाली, "चला अण्णा. मी येते मागून." हरिश्चंद्र दाढीचा साबण गालावर तसाच ठेवून आला. अण्णा कठड्याला हात न लावता चढले, एकेक पायरी, मोजत असावेत.

देवदत्त सोवळं नेसून पाटापुढे उभा होता. अण्णांना बघून तो भिंतीकडे सरकला, मग पाटाकडे त्याचं लक्ष गेलं. "हे काय? जोडलं नाहीस?"

"राहिलं."

"आण तो डिसमिस इकडे. मी जोडतो."

"तो पूजेत आहे," मी म्हटलं. "आज त्याला हात लावायचा नाही. आज हत्यारांची विश्रांती."

"शहाणपणा पुरे!" तो खाली वाकला आणि त्याला ते उलटं काडतूस दिसलं. वाकलेला तसाच राहिला. हरिश्चंद्रच्या गालावरचा साबण वाळून तडकत होता, मला खरंच ऐकू आल्यासारखं वाटलं. अण्णा त्यांच्या वेताच्या खुर्चीपाशी गेले, पण बसले नाहीत. पुढे येऊन पाटासमोर मांडी घातली. गुडघे कुठंही कुरकुरले नाहीत. त्यांनी नेहमीप्रमाणे कोयत्यापासून सुरुवात केली. वाटीत बोट, कोयता. वाटीत बोट, विळी. सुरी. अडकित्ता. मग थबथबलेलं बोट पेपरवरच्या त्या चकाकत्या घोड्यावर आलं.

"अण्णा, त्याला खोबरेल नको," देवदत्त म्हणाला. सवयीनं, घाईनं, मी बायकांना म्हणते तसा. "चिकटतं."

बोट हवेत थांबलं. एक थेंब पेपरवर पडून पसरला.

"बरोबर," अण्णा म्हणाले, फळ्याशी उभ्या मुलाचं उत्तर जुळलं की म्हणत असतील तशा आवाजात, आणि वर पाहिलं. "मे महिन्यात मी त्या खुर्चीत बसलो होतो. तू हे माझ्या छातीला लावलंस आणि चाप ओढलास, देवदत्त. चिकटलं म्हणून मी आज खोबरेल लावायला आहे."